ईव्हीची मोटर वाजतेय? पूर्ण युनिट बदलण्याआधी हे ऐका

आधी एक आवाज ऐका. हेडफोन असतील तर लावाच.

[रेकॉर्डिंग, 15 सेकंद]

ऐकलंत? खालच्या पट्टीत एक घरघर आहे. दळण संपल्यावर रिकामं जातं फिरतं ना, तशी. ही गाडी साताऱ्याची. इलेक्ट्रिक टॅक्सी, 1 लाख 78 हजार किलोमीटर पळालेली. चालवणारे दादाच मालक, आणि गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. एका सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांना सांगितलं गेलं की मोटर गेली, पूर्ण ड्राइव्ह युनिट बदला. खर्चाचा आकडा लाखांत आणि वॉरंटी संपलेली. माझ्याकडे आले तेव्हा गाडी विकायच्या बेतात होते.

आणि त्या युनिटमधून खराब निघालं काय? हे.

[तळहातावर बेअरिंग]

नमस्कार मंडळी. गाडीतून आवाज आला की 'मोटर गेली' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ड्राइव्ह युनिट म्हणजे एकटी मोटर नव्हे. त्यात बॅटरीच्या डीसीचं मोटरसाठी एसी करणारा इन्व्हर्टर आहे, मोटर आहे, वेग कमी करणारा गिअरबॉक्स आहे, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल आहे. या प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. पेट्रोल गाडीत इंजिनच्या आवाजाखाली हे सगळं दबून जातं, ईव्हीत काहीच दबत नाही.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. 2014 साली टेस्लाच्या मॉडेल एस गाड्यांची ड्राइव्ह युनिट आवाजाच्या तक्रारीवरून बदलली जात होती. तेव्हा इलॉन मस्क यांनीच गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की काही गाड्यांत दोष युनिटमध्ये नव्हताच. कुठे एक केबल थरथरत होती, झिप टाय बांधून भागलं असतं. कुठे डिफरन्शियलला एक शिम, म्हणजे पातळ चकती, घालायची होती. बदललं जात होतं मात्र पूर्ण युनिट.

तर सुरुवात रस्त्यावर करायची, पान्याला हात न लावता. सोबत एक माणूस घ्या, फोन त्याच्या हातात द्या. मोकळा, सरळ रस्ता बघा.

गुळगुळीत डांबरावरून खडबडीत काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला, तर टायर बघा. वेग तोच ठेवून गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवली आणि आवाज कमी-जास्त झाला, तर चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना वाढला तर बहुतेक उजव्या चाकाचं, कारण वजन तिकडे जातं. नुसत्या टायरच्या आवाजावरून मोटर उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे टाळू नका.

आता खरी परीक्षा. 60 च्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबून ऐका. मग पाय काढा, रिजनवर ऐका, म्हणजे मोटर गाडीला रोखून वीज परत बॅटरीत भरते तेव्हा. मग न्यूट्रलला टाकून गाडी नुसती पळू द्या आणि ऐका. जोर लावल्यावर येणारा आणि न्यूट्रलला गायब होणारा आवाज बहुधा गिअरचे दात किंवा मोटरमधल्या चुंबकीय ओढाताणीचा असतो. ओढताना एक सूर आणि रिजनवर दुसरा, असं असेल तर माझा पहिला संशय गिअरवर जातो, कारण दाताची एक बाजू ओढताना लागते आणि दुसरी रिजनवर. आणि तिन्ही वेळा आवाज जसाच्या तसा राहिला, फक्त वेगाबरोबर चढला-उतरला, तर काहीतरी फिरणारं वाजतंय. म्हणजे बेअरिंग. साताऱ्याच्या गाडीत नेमकं हेच होतं.

पण कुठलं बेअरिंग? इथे थोडं गणित करू. फोनवर ध्वनीचा स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठले सूर किती जोरात आहेत त्याचा आलेख, दाखवणारी ॲप फुकट मिळतात. टायरचा घेर साधारण 2 मीटर धरा. 60 च्या वेगाला चाक सेकंदाला सव्वाआठ फेऱ्या मारतं. गिअर रेशो 9 असेल, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटरच्या 9, तर मोटर सेकंदाला 75 फेऱ्या मारते, मिनिटाला 4500. मोटर 8 पोलची, म्हणजे 8 चुंबकीय ध्रुवांची, असेल तर तिचा स्वतःचा सूर बहुधा फेऱ्यांच्या 24 पट, म्हणजे 1800 हर्ट्झच्या आसपास दिसतो. पहिल्या पिनियनला, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरला, 21 दात असतील तर गिअरचा सूर 75 गुणिले 21, म्हणजे 1575. आणि 9 गोळ्यांच्या बेअरिंगची बाहेरची रिंग खराब असेल तर गोळ्यांच्या संख्येला 0.4 ने गुणायचं आणि मग 75 ने, उत्तर 270. आतली रिंग असेल तर 0.6 ने गुणा, 405 येईल. हे अंदाजाचे आकडे आहेत, पण दिशा दाखवायला पुरेसे.

[फोनचा स्क्रीन जवळून]

हा बघा साताऱ्याच्या गाडीचा आलेख. हा सुळका 270 च्या जवळ उभा आहे. आता वेग 40 वर आणतो, सुळका 180 वर सरकला. मोटरच्या फेऱ्यांना बांधलेला आहे तो. चाकाचं बेअरिंग असतं तर आकडा कितीतरी खाली आला असता, कारण चाक मोटरच्या नवव्या हिश्शाने फिरतं.

मग गाडी लिफ्टवर. स्टेथोस्कोपची दांडी आधी गिअरबॉक्सवर, मग मोटरच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, मग मागच्या टोकाला टेकवायची. फिरणाऱ्या चाकांपासून लांब राहा. आणि एक लक्षात ठेवा, लिफ्टवर चाकं लोंबकळतात, ॲक्सल वाकडे होतात, त्यामुळे ॲक्सलच्या टोकांचे सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, टकटक करतात. तो दोष नाही, त्याच्या मागे जाऊ नका. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगचं चुंबकही बघून घ्या. करड्या रंगाची मऊ पेस्ट चालते, बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर गिअर किंवा तिथलं बेअरिंग झिजतंय. आपल्या गाडीत प्लग साफ होता, घरघर मागच्या टोकाला.

इथे थांबून अगदी गंभीरपणे सांगतो. इथून पुढचं काम घरी करायचं नाही. अनेक गाड्यांत नारिंगी केबलमध्ये 300 ते 400 व्होल्ट डीसी असतो. मी 12 व्होल्टची बॅटरी सोडवतो, मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं पूर्ण थांबतो, आणि 1000 व्होल्टचे हातमोजे घालून मीटरवर शून्य बघितल्याशिवाय कनेक्टरला हात लावत नाही. घाईत असलो तर ते काम त्या दिवशी करतच नाही. तुमची गाडी वॉरंटीत असेल तर तुम्हीही उघडू देऊ नका. अनेक कंपन्या मोटरला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर देतात. रेकॉर्डिंग आणि आलेख घेऊन जा, आणि आवाजाची नोंद जॉब कार्डवर लिहून घ्या.

आता हे बेअरिंग. कापून उघडलंय. कॅमेरा अजून जवळ आण.

[बाहेरच्या रिंगची आतली बाजू]

गोळ्या पळतात ती ही वाट. आरशासारखी हवी होती. त्याऐवजी आडव्या रेघा दिसतात, सारख्या अंतरावर, पन्हाळी पत्र्यासारख्या पण बारीक. नख फिरवलं की कर्रर्र लागतं. आणि हे ग्रीस बघा, काळं पडलंय, जळाल्याचा वास येतो. नुसत्या झिजेने अशा रेघा पडत नाहीत. हे विजेचं काम आहे.

इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो. त्यातला थोडा भार वायंडिंगमधून, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या गुंडाळीतून, रोटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, शाफ्टवर येतो. त्याला बॉडीकडे जायचं असतं, आणि मध्ये फक्त बेअरिंगमधल्या ग्रीसचा पातळ थर. तो थर फुटतो, इवलीशी ठिणगी पडते, पोलाद कणभर वितळतं. हे लाखो वेळा झालं की अशा रेघा उमटतात, आणि गोळ्या त्यावरून धडधडत जातात. ती घरघर हीच.

म्हणून नुसतं बेअरिंग बदलून गाडी देणं मला अर्धं काम वाटतं. शाफ्टवरची वीज जायची कुठून? या मोटरला त्यासाठी एक ग्राउंडिंग ब्रश होता. तो झिजून संपला होता, शाफ्टला टेकतच नव्हता. तो तसाच ठेवला असता तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने गेलं असतं. मी ब्रश नवा घातला आणि बेअरिंग सिरॅमिक गोळ्यांचं घातलं. सिरॅमिकमधून वीज जात नाही.

आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरी भरणारे फार कसबी कारागीर आहेत, आणि त्यातले बरेच जण आता ईव्हीकडे वळत आहेत. त्यांना खास सांगणं आहे. नंबर सारखा दिसला म्हणून दुकानातलं पंपाचं बेअरिंग इथे घालू नका. पंपाची मोटर 1500 किंवा 3000 फेऱ्यांची. ही मिनिटाला 10 हजारांच्या वर जाते. गोळ्या अंतरावर धरणारा केज, ग्रीस, आतली मोकळीक, सगळं वेगळं लागतं. नवं बेअरिंग हातोडीने ठोकायचं नाही, हीटरवर साधारण 100 अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवायचं. प्रेसवर बसवणार असाल तर दाब फक्त आतल्या रिंगवर. आणि रोटर हाताने ओढून काढायला जाऊ नका. त्यात निओडिमियमची चुंबकं आहेत, रोटर झटकन बाजूला चिकटतो, बोट चेंगरतं. त्यासाठी रोटर सरळ धरून ठेवणारी जिग लागतेच.

मागच्या टोकाला रिझॉल्व्हरही असतो, रोटर कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारा. काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा, आणि बसवल्यावर स्कॅनरने ऑफसेट, म्हणजे त्याचा शून्यबिंदू, कंट्रोलरला पुन्हा शिकवा. तो चुकला तर गाडी हिसके देते, ओढत नाही.

वायंडिंगची तपासणी थोडक्यात. तिन्ही फेजचा रोध आपसात सारखा हवा, तो मिलिओममध्ये असतो, साध्या मल्टिमीटरवर कळत नाही. बॉडीशी इन्सुलेशन बघायला 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारा मीटर, लावायचा, पण मोटर इन्व्हर्टरपासून सोडवून, नाहीतर इन्व्हर्टर जायचा. या मोटरचं वायंडिंग उत्तम होतं. म्हणजे 'गेलेली' मोटर व्यवस्थित होती.

गाडी जोडली, दादांना शेजारी बसवलं आणि त्याच रस्त्यावर गेलो. 60 ला ते म्हणाले, "साहेब, घरघर गेली, पण हा बारीक सूर कसला?" आलेखात 270 ला काही नव्हतं, 1800 ला एक छोटा सुळका होता. तो मोटरचा स्वतःचा सूर, गाडी घेतली त्या दिवसापासूनचा. घरघरीखाली तो त्यांना कधी ऐकूच आला नव्हता.

दोन्ही रेकॉर्डिंग एकापाठोपाठ लावतो. रस्ता तोच, वेग तोच, फोन तोच. आधी जुनं.

[पहिलं रेकॉर्डिंग, मग दुसरं]