सिमला ऑफिस आणि पावसाचं नातं

(दृश्य: शिवाजीनगर, पुणे. पावसाळी सकाळ.)

पुण्यात रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की तो हवामान खात्यापाशी आणून सोडतो. 1928 साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं हललं. कचेरी आली, तिच्यासोबत गावाचं नावही आलं.

त्याआधी सिमल्यात या खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचे गणिती, 1904 साली खात्याचे प्रमुख झाले. 1899 चा भीषण दुष्काळ लोकांच्या आठवणीत ताजा होता. पुढचा दुष्काळ आधी ओळखता येईल का, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. पाऊस का पडतो याचा सिद्धांत हाताशी नव्हता, पण जगभरच्या नोंदी होत्या. मग कारकुनांची फौज बसवून त्यांनी सहसंबंध काढायला घेतले, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचं माप.

(दृश्य: आलेखावर एकेक ठिपका उमटतो.)

एका अक्षावर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा हवेचा दाब, दुसऱ्यावर आपला पाऊस. दर वर्षाचा एक ठिपका. दोन्ही सोबत चढले आणि ठिपके एका रेषेत बसले, तर सहसंबंधाचा आकडा, म्हणजे गुणांक, अधिक 1. एक चढताना दुसरं तसंच उतरलं, तर उणे 1. नुसते विखुरले, तर शून्याजवळ. अर्थात, शून्य आलं म्हणजे नातंच नाही असं नव्हे. हे माप फक्त सरळ रेषेतलं नातं पकडतं.

डार्विनचा दाब वाढला की आपला पाऊस बहुधा रोडावतो. प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो. दाबाच्या या झोक्याला वॉकर यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते 1914 च्या एका इशाऱ्यात. शेकडो गुणांक काढले, तर त्यातला एखादा निव्वळ योगायोगानंही मोठा येणारच. तोच उचलून अंदाज बांधाल, तर फसाल.

(दृश्य: भेगाळलेलं शेत.)

1988 साली शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली मोसमी पावसाच्या अंदाजासाठी 16 घटकांचं (ठिकठिकाणचा दाब, तापमान वगैरे) मॉडेल तयार झालं. अनेक वर्षं त्याचा अंदाज जुळला. 2002 साली अंदाज होता सरासरीच्या 101 टक्के. पडला 81 टक्के. जुलैत नेहमीच्या जवळपास निम्माच पाऊस झाला, पेरलेलं करपलं.

नंतर खात्यानं ते सोळा घटक पुन्हा पावसाशी ताडून पाहिले. त्यातल्या दहांचं नातं केव्हाच सैल झालं होतं.