दोन इंच खाली बसवलेली गाडी

[दृश्य: गॅरेज. व्हाइसमध्ये धरलेली स्प्रिंग, ग्राइंडरच्या ठिणग्या.]

पुढच्या चाकाची स्प्रिंग व्हाइसमध्ये घट्ट धरली आहे. वरच्या टोकापासून दीड वेढा मोजून खडूची खूण केली आहे. ग्राइंडर टेकतो, ठिणग्या फरशीवर उडतात आणि काही मिनिटांत तो दीड वेढा सुटून खाली पडतो. स्प्रिंग परत शॉकअपवर चढते, चाक लागतं, जॅक उतरतो. गाडी खाली बसते. चाक आणि मडगार्ड यांच्यातली ती मोठी पोकळी नाहीशी होते. गाडी रुबाबदार दिसते, यात वादच नाही.

पुणे, कोल्हापूर, नाशिक, ठाणे, कुठल्याही शहरात हौसेने सजवलेली स्विफ्ट, सिटी किंवा पोलो अशी खाली बसवलेली दिसते. महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढून पोरं हे करतात. त्यांच्या आवडीला नावं ठेवायची नाहीत. पण रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून त्या दीड वेढ्याबरोबर काय गेलं, हे त्यांना कोणीतरी नीट सांगायला हवं.

[दृश्य: गल्लीतला अरुंद, उंच स्पीडब्रेकर. कॅमेरा जमिनीलगत.]

गाडी खाली बसवली म्हटलं की आधी स्पीडब्रेकर आठवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांतला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा जणू एक तुकडा. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर आहे. म्हणजे अशा गतिरोधकावर चारही चाकं एकाच वेळी मावतात आणि गाडीच्या पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटिमीटरने कमी होते. यावरून खाली घेतलेली गाडीसुद्धा न घासता जाते.

आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर असा नसतो. रात्रीतून टाकलेला, हात-दीड हात रुंद, आणि उंची टाकणाऱ्याच्या मर्जीवर. पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढलेली नसतात आणि त्याची सगळी उंची पोटाखाली येते. २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, १६३ मिलिमीटर. दोन इंच खाली घेतली की उरले ११३. स्पीडब्रेकर १२ सेंटिमीटरचा असला तर गाडी रिकामी असतानाच घासणार, चार माणसं बसल्यावर तर विचारूच नका.

खाली सगळ्यात आधी सापडतं ते इंजिनचं चेंबर, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, किंवा सायलेन्सरचा पाइप. पाइप वाकला तर आवाजावर भागतं. चेंबरला तडा गेला तर ऑइल गळतं, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, आणि तो पाहूनही ‘घरापर्यंत जाऊ दे’ म्हणून गाडी रेटली तर इंजिन जाम होतं. लाल दिवा दिसला की गाडी तिथेच बंद करायची, मग ती भर चौकात का असेना.

[दृश्य: स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीचा, जवळून शॉट. दांड्यावर काळा रबरी बम्प स्टॉप.]

एवढंच असतं तर जपून, तिरकी चालवून निभावलं असतं. खरी अडचण दिसत नाही. ती या दांड्यावर आहे.

चाक खड्ड्याच्या काठावर आदळलं की वर जातं. त्याला वर जायला जेवढी जागा असते तिला मेकॅनिक स्ट्रोक म्हणतात. समजा माणसं बसल्यावर तुमच्या गाडीत आठ सेंटिमीटर स्ट्रोक उरतो. गाडी पाच सेंटिमीटर खाली घेतली, म्हणजे उरले तीन. स्प्रिंग किती धक्का पचवते हे ती किती दबते याच्या वर्गावर ठरतं. त्यामुळे जो धक्का आठ सेंटिमीटरमध्ये पचत होता, तोच तीनमध्ये पचवायचा तर स्प्रिंग सातपट कडक हवी.

स्प्रिंग कापली की ती कडक होते, हे खरंच आहे. कामाचे वेढे सहा असले आणि त्यातला दीड गेला तर ती एक तृतीयांशाने कडक होते. हवी सातपट, मिळाली सव्वापटीहून जराशी जास्त. मधली सगळी तूट तो शेवटचा दणका अडवणारा रबरी बम्प स्टॉप सोसतो, मग शॉकअपला वर बॉडीशी जोडणारा टॉप माउंट, मग बॉडी. अशा गाड्यांमध्ये टायरला फुगा येतो, रिम वाकते, शॉकअप लवकर ऑइल सोडतो, त्यामागे हेच गणित आहे.

आणि याहून वाईट वेळ वळणावर येते. समजा तुम्ही खंबाटकी घाट उतरताय. वळणात बाहेरच्या बाजूचं चाक आधीच दबलेलं, त्यात रस्त्यावर एक उंचवटा. उरलेले तीन सेंटिमीटर संपतात, सस्पेन्शन ठोकळ्यासारखं घट्ट होतं आणि नेमक्या त्या क्षणी चाकाची पकड सुटते. सरळ रस्त्यावर दणका बसून विषय संपला असता, इथे गाडी लेन सोडते.

मग रेसच्या गाड्या खाली का असतात? कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक पाहा. तिथे खड्डा नाही, गटाराचं झाकण नाही. तीन सेंटिमीटर तिथे पुरतात, शिवाय तिथली स्प्रिंग आणि शॉकअप त्या तीन सेंटिमीटरसाठीच बनवलेले असतात.

वळणावर गाडी कमी झुकेल, ही आशाही कापलेल्या स्प्रिंगवर ठेवू नका. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली आली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर चढतं, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. दोघांतलं अंतर वाढतं. म्हणून गाडी बुटकी होऊनही कलायला आधीपेक्षा उत्सुक होते.

[दृश्य: पुढचं टायर काढून ठेवलेलं. एक हात आतल्या कडेवरून फिरतोय.]

हे टायर बाहेरून पाहा, नक्षी शाबूत आहे. आता आतली कडा. इथे रबर संपून तारा वर आल्या आहेत, बोटाला टोचतात. मेकॅनिकच्या भाषेत, टायर आतून खाल्लं. टाय रॉड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) आणि लोअर आर्म ज्या कोनात बसवलेले होते तो कोन बदलला, चाकांचा टो, म्हणजे वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बिघडला, आणि टायर रोज थोडं थोडं आडवं फरफटलं गेलं. अलाइनमेंट करून उभ्या गाडीचा टो जागेवर आणता येतो. पण खड्ड्यात चाक वर-खाली होताना टो पुन्हा बदलतो आणि स्टीअरिंग आपोआप ओढल्यासारखं वाटतं. ते अलाइनमेंटच्या मशीनवर दिसत नाही.

हेडलाइटबद्दल थोडं, कारण त्याचा त्रास दुसऱ्याला होतो. लो बीमचा झोत साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा फक्त अडीच सेंटिमीटर जास्त खाली गेली तरी ती झुकण संपते आणि उजेड थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. त्या दुचाकीवाल्याला रात्रीच्या रस्त्यावर क्षणभर काहीच दिसत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वर, अपघात झालाच तर विम्याच्या दाव्यात कंपनीला हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं.

[दृश्य: मूळ स्प्रिंग आणि कापलेली स्प्रिंग शेजारी शेजारी.]

जुनी स्विफ्ट किंवा सिटी विकत घ्यायला निघाला असाल तर हे दोन नमुने नीट पाहून घ्या. डावीकडच्या मूळ स्प्रिंगचं टोक शेवटच्या वेढ्यात वळवून नीट बसवलेलं आहे, त्यावर कंपनीचा लेप आहे. उजवीकडचं टोक सरळ छाटलेलं, उघडं आणि गंजलेलं. ग्राइंडरऐवजी गॅस कटरने कापली असेल तर टोकाजवळ निळसर-काळा डाग दिसेल. तिथे पोलादाचं पाणी उतरलेलं असतं आणि स्प्रिंग बहुधा तिथूनच तुटते. गाडी जॅकवर चढवायला सांगा. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलवून पाहा. ती आपल्या बसायच्या जागेत सैल फिरत असेल तर नव्या स्प्रिंगा, चारही शॉकअप, टॉप माउंट आणि दोन पुढचे टायर, एवढा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करा.