शिवणीतली हळद

(पडद्यावर: ब्लेडचं टोक, जुनी शिवण, दोन बोटं)

ब्लेडचं टोक एका टाक्याखाली जातं. टच्. मग पुढच्या टाक्याखाली. काखेखालची शिवण हळूहळू सुटते आणि आत दुमडलेली माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, उलगडते. बाहेरून ही बंडी धुऊन धुऊन राखाडी झालीय. आत मात्र पिवळीजर्द रेघ. हळद आहे ती. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे घरोघरी माहीत असतं. शिवणीच्या आत ऊन पोचलंच नाही.

बंडी आण्णांची. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहण्यात त्यांची उमर गेली. बंडी शिवणारे शिंपी केव्हाच वारले. त्यांच्या हातच्या तीन बंड्या होत्या, त्यातली ही शेवटची. पाठ इतकी विरलीय, की उजेडापुढे धरली तर पलीकडची खिडकी दिसते.

गावभागात शिवणकाम करणाऱ्या आक्कांपुढे ती ठेवून आण्णा म्हणाले, "नवी नको ओ आक्का. हीच परत करून द्या."

तसं जुन्यावरून नवं शिवायची रीत आपल्याकडे आहेच. ब्लाउज टाकायला जाताना मापाचा ब्लाउज पिशवीत असतोच. पण त्यावरून छाती, कंबर, मुंढा म्हणजे हाताभोवतीची गोलाई, बाहीची लांबी एवढं उतरवून घेतलं, की पुढे शिवणारा आपल्या सवयीनं कापतो. म्हणून तर 'मापाला दिला होता, तरी काखेत धरतोय' ही तक्रार काही संपत नाही. आण्णांना माप द्यायचंच नव्हतं. त्यांना बंडी हवी होती.

आक्कांकडे पूर्वी बंडीचा कागद होता. खाकी कागदावर कापून ठेवलेले ड्राफ्ट, बंडीचे, पैरणीचे, परकराचे, झबल्याचे, कपाटाच्या खालच्या खणात गुंडाळी करून. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि गावभागात पाणी घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं, तर आत नुसता लगदा. मशीन खोलून, तेल घालून पुन्हा चालू झालं. कागद गेले.

(दृश्य: आण्णा बंडी घालून उभे)

आक्कांनी आधी टेपला हात लावला नाही. आण्णांना बंडी घालायला लावली. "हात वर करा. आता वाका. पोतं घेता तसं." उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली आणि बंडीही त्या अंगाला कललेली. आता हे शिंप्यानं असं कापलं होतं, की पोत्यांनी केलं? पुढचं सगळं काम या प्रश्नापाशी येऊन अडतं. आहे तशी उतरवली, तर झीजही उतरणार.

म्हणून उसवली ती फक्त डावी बाजू. उजवी तशीच राहू दिली. कोणती शिवण आधी, कोणती मागून, पट्टी कुठे दुमडली, हे विसरायला झालं की तिच्याकडे बघायचं.

सुटे तुकडे ओलसर करून इस्त्रीनं नुसते दाबले. इस्त्री घसरवली की कापड ओढलं जातं. उभ्या धाग्यात कापलेला भाग फारसा हलत नाही. गळा आणि मुंढा गोलाईत कापलेले, तिथे कापड उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात, येतं आणि वर्षानुवर्षं लोंबत जातं. किती लोंबलं, हे शोधायची आक्कांची युक्ती मला फार आवडली. त्या सुईची भोकं मोजतात. मशीनचा टाका एकाच लांबीचा पडतो. बगलेच्या सरळ शिवणीत इंचाला बारा भोकं होती, गळ्याशी अकरा. मग गळ्याची सगळी भोकं मोजायची, बारानं भागायचं, की मूळ गळा इंचात हातात. भोकं मोजताना आक्का कुणाशी बोलत नाहीत. मी एकदा मधेच काहीतरी विचारलं आणि त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

कापड पेठेतून मांजरपाट आला, पावणेदोन मीटर. त्याच्या एका कोपऱ्यात दहा इंचांचा चौकोन पेन्सिलीनं आखून सगळं कापड रात्रभर भिजवलं. वाळल्यावर चौकोन मोजला, तर उभ्यात अर्धा इंच गेलेला, आडव्यात पाव. जुनी बंडी आटायची तेवढी कधीच आटून बसलीय. तिच्या मापानं कोरं कापड कापलं असतं, तर पहिल्या धुण्यात बंडी नातवाला झाली असती.

आधी जुन्या चादरीची कच्ची बंडी झाली. गळा मूळचा घेतला. उजवा खांदा मात्र आक्कांनी पाऊण इंच उतरताच कापला. "पोत्यांनी असू दे नाहीतर कुणीबी असू दे, आता खांदाच तसा हाय."

चूक झाली चोरखिशात. आतल्या अंगाला भोकांच्या दोन ओळी होत्या, एक वर, एक दीड इंच खाली. वरची जास्त जुनी, म्हणजे शिंप्याची, म्हणजे खरी, असं धरून आक्कांनी खिसा वर लावला. आण्णांनी कच्ची बंडी घातली, सवयीनं हात आत घातला, आणि बोटं नुसती कापडावरून खाली घसरली. पुन्हा घातला. पुन्हा तेच.

"खिसा कुठं गेला?"

आक्कांनी ओळी दाखवल्या. आण्णा हसले. "त्यो मीच खाली घ्यायला लावलेला. वाकल्यावर बोट सरळ चंचीवर जायला पायजे."

पक्क्या बंडीत खिसा खालच्या ओळीवर आला. तिला दोन दिवस लागले, त्यातला अर्धा दिवस काज करण्यात. जुनीची उसवलेली बाजूही आक्कांनी परत शिवून दिली, त्याच भोकांतून, हातानं.

(दृश्य: भिंत)

चुना दोनदा मारूनही पुराची रेघ भिंतीवर दिसते. तिच्या वर हातभर उंचीवर आता एक खिळा आहे. त्याला खाकी कागदाचे तुकडे दोऱ्यात ओवून टांगलेत. वरच्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहिलंय: बंडी, आण्णा. उजवा खांदा पाऊण इंच खाली. खिसा दुसऱ्या ओळीवर.