लाखात पाच

हिवाळ्यातल्या सकाळी नागपुरात, अमरावती मार्गावरच्या एका सभागृहाबाहेर तर्री-पोह्यांच्या बशा हातात घेऊन बोलत उभी असलेली ही मंडळी प्रथिनांचे आकार शोधतात. या भागातील प्रयोगशाळांनी आपापसात जोडलेल्या संशोधन-जाळ्याची ही वार्षिक बैठक असून तिचा विषय आहे जैविक एनएमआर, म्हणजेच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने केलेला जैविक रेणूंचा अभ्यास.

हायड्रोजनचे केंद्रक चिमुकल्या चुंबकासारखे वागते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले, की ते ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देते, आणि ही वारंवारता त्या केंद्रकाच्या शेजारीपाजारी कोण आहे यावर किंचित बदलते. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या या शोधासाठी दोघांना १९५२ चे नोबेल मिळाले. अडचण एवढीच, की क्षेत्राच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने राहणाऱ्या केंद्रकांची संख्या जवळजवळ सारखी असते. १४.१ टेस्लाच्या, म्हणजे ६०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातही खोलीच्या तापमानाला लाखामागे जेमतेम पाचांचा फरक उरतो, आणि यंत्राला ऐकू येतो तो या पाचांचाच आवाज.

तो आवाज टिपण्यासाठी लागणाऱ्या चुंबकाची अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात न अडवणारी, तार द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवून ठेवावी लागते. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना या आकड्याचे वेगळे अप्रूप वाटेल. एकदा प्रवाह भरला की वीज गेली तरी चुंबक तसाच राहतो, मात्र हेलियम आटू देऊन चालत नाही.

म्हणूनच दुपारच्या सत्रात वाद रंगतो तो सिद्धान्तावर नव्हे, तर यंत्राच्या वेळेवर. एकच मोजणी पुन्हा पुन्हा करून बेरीज घेतली, तर संदेश गोंगाटातून वर येतो, पण तो दुप्पट स्पष्ट हवा असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. एका रात्रीत अर्धवट दिसलेल्या नमुन्याला मग चार रात्री हव्या असतात, आणि रांगेत इतरही असतात. आमच्या मते या बैठकीतले सर्वांत प्रामाणिक विज्ञान याच भांडणात ऐकायला मिळते.

भित्तिपत्रकांच्या दालनात एका संशोधक विद्यार्थिनीसमोर गर्दी आहे. तिचा विषय विदर्भाला परका नाही: सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे धागे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तिच्या कागदावर मात्र पेशी नाही, नुसते ठिपके आहेत. नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा किंचित जड प्रकार, पुरवून वाढवलेल्या जिवाणूंकडून हे प्रथिन तयार करून घेतले, की साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅमिनो आम्लाचा एक ठिपका उमटतो. प्रोलीनचा तेवढा उमटत नाही. पेन्सिलीचे टोक एका ठिपक्यावर ठेवून ती सांगते, की शेजारी बदलला म्हणून हा इथून इथे सरकला.

हे काम सोपे नाही, कारण हिमोग्लोबिनमध्ये ५७४ अ‍ॅमिनो आम्ले आहेत, आणि रेणू जितका मोठा, तितके त्याचे ठिपके पुसट. तरीही द्रावणातला रेणू पाहण्याचे मोल वेगळे. कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या हिमोग्लोबिनच्या स्फटिकांत दोन वेगवेगळ्या रचना आढळल्या होत्या. २००३ मध्ये एनएमआरने दाखवले, की द्रावणात तो रेणू त्या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, हलता असतो.

संध्याकाळच्या सत्रातील ज्येष्ठ वक्ते १९८० कडे वळतात. प्रथिनातील परस्परांपासून सुमारे अर्ध्या नॅनोमीटरच्या आत असलेल्या हायड्रोजनांच्या जोड्या ओळखून देणारा द्विमितीय प्रयोग त्या वर्षी प्रसिद्ध झाला, आणि रिचर्ड अर्न्स्ट व कुर्ट व्यूथ्रिच यांच्यासह त्यावर पहिले नाव होते बंगळूरच्या अनिल कुमार यांचे. अर्न्स्ट यांना १९९१ मध्ये आणि व्यूथ्रिच यांना २००२ मध्ये नोबेल मिळाले. सभागृहात त्या तिसऱ्या नावाला टाळ्या जरा जास्तच वाजतात.

दाराशी यंत्रांचे वेळापत्रक लागले आहे. विद्यार्थिनीला सलग तीन रात्री मिळाल्या आहेत. तिने मागितल्या होत्या चार. पाच मिलिमीटर जाडीची काचनळी ती उजेडाकडे धरते, आतल्या अर्ध्या मिलिलिटर द्रावणात बुडबुडा नाही ना ते पाहते, आणि नळी बर्फाच्या डब्यात उभी ठेवून स्टेशनकडे निघते.