पत्रक बाजूला ठेवा, आधी फोन करा

मार्च संपत आला की पुण्यात पेठांपासून बाणेरपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळी शिबिरांची पत्रकं येऊन पडतात. एकात बारा उपक्रम, दुसऱ्यात सतरा. जरा हिशेब करा. दहा दिवस, रोज 3 तास, म्हणजे सतरा उपक्रमांत एकेकाला पावणेदोन तास. त्यातून रांग, खाऊ आणि हजेरी वजा करा. चारच गोष्टी शिकवणारं शिबिर मला बरं वाटतं.

शिबिरवाल्यांना फोन करून पहिला प्रश्न असा विचारायचा, की एका ताई-दादाकडे किती मुलं? सहा-सात वर्षांची असतील तर 8 च्या वर नकोत. पाच ते बारा वयाची एकच बॅच असेल तर मोठी कंटाळतात आणि धाकटी धास्तावतात. मैदानी खेळ सकाळी 10 च्या आत किंवा संध्याकाळी 5 नंतरच हवेत. पुण्याचा एप्रिल-मे पारा चाळिशीला नेतो. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात विरघळवायचं असतं, पेलाभर पाण्यात नाही. ही चूक सर्रास होते आणि मुलाला उलट त्रास होतो. ते कसं कालवता, हे फोनवरच विचारा. उत्तरावरून बरंच कळतं.

आता मुक्कामी शिबिर. पानशेत, मुळशी, पवना. पाण्याकाठी तंबू फोटोत छान दिसतो, पण मे महिन्यात दुपारनंतर वळीव विजांसकट येतो. पळत जाऊन शिरायला पक्की इमारत हवी, झाडाखालचा आडोसा चालत नाही. साहसी उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाची नोंदणी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा.

लाइफ जॅकेट कसं तपासाल? सगळे पट्टे आवळून बक्कल लावायला सांगा, मग जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे आणि पाण्यात मूल त्यातून निसटतं. मोठ्यांची जॅकेटं लहानांना घालणं हा या धंद्यातला जुना रोग आहे. पट्टा दोरीने बांधलेला दिसला, तर तिथून निघा.

घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळ कुठल्या रुग्णालयात आहे आणि रात्री गाडी कोण चालवणार, ही दोन उत्तरं संचालकांना तोंडपाठ हवीत. "108 ला फोन करू" एवढ्यावर भागत नाही. धरणाकाठी कित्येक जागी रेंजच नसते.

मुली मुक्कामाला असतील तर रात्री महिला कर्मचारी तिथेच झोपायला हवी. सगळ्या कर्मचाऱ्यांची, अगदी स्वयंपाक्याची आणि ड्रायव्हरचीही, पोलीस पडताळणी झालेली असावी. हे विचारल्यावर कुणी रागावलं, तर पैसे भरू नका.

पहिल्यांदा पाठवताना दोन रात्री पुरे. अंथरूण ओलं होत असेल तर ताईंना आधीच सांगा, लपवल्याने मुलाचीच फजिती होते. आणि शक्य असेल तर पैसे भरण्याआधी जागा पाहून या. स्वच्छतागृह झोपायच्या जागेपासून किती लांब आहे, वाटेत दिवा आहे का, आतली कडी लहान हाताने उघडते का, एवढं बघा.