अकरा हजार ग्रहांचा बादशहा आणि जहाजाचा हप्ता

राम राम मंडळी! मागं दिसतंय ते आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं कपाशीचं वावर. वेचणी सुरू आहे, त्यामुळं मधे मधे बायांच्या गप्पा ऐकू येतील.

आजचा विषय 'ट्रॅव्हलर'. १९७७ साली अमेरिकेत आलेला हा भूमिका-खेळ, म्हणजे अंतराळातलं एखादं पात्र होऊन फासे, वही आणि चार मित्र घेऊन बसायचा. त्यात थर्ड इम्पेरियम नावाचं साम्राज्य आहे, सुमारे ११,००० ग्रहांचं. लोक त्यातल्या लढाया खेळतात. मला मात्र त्यातला व्यापाराचा कायदा जास्त आवडतो.

तिथं ताऱ्या-ताऱ्यांत फोन नाही. अंतराळजहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारतं, उडीला साधारण आठवडा लागतो, आणि इंजिन कितीही भारी असलं तरी एका उडीत ६ पार्सेक, म्हणजे जवळपास २० प्रकाशवर्षं. बातमी जहाजातूनच जाते, बादशहाचा हुकूमही. एवढ्या लांबून ग्रहाग्रहाचा कारभार कोण पाहणार? म्हणून साम्राज्य त्यात फारसं पडत नाही. एकीकडे राजा, दुसरीकडे निवडून आलेलं सरकार, कुठं अख्खा ग्रहच कंपनीच्या ताब्यात. बादशहा आपल्याकडे ठेवतो ती ग्रहांमधली वाट आणि बंदरं. बंदराच्या कुंपणाच्या आत साम्राज्याचा कायदा. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की त्या ग्रहाचा. माझ्या मते अख्ख्या खेळात यापेक्षा हुशार नियम नाही.

वाट ज्याची, माल त्याच्या मुठीत. आपली शकुंतला रेल्वे आठवा. यवतमाळचा कापूस न्यायला ब्रिटिश खासगी कंपनीनं टाकलेली लाईन. राज्य गेलं, पण रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही तिला पैसे मोजावे लागले. खेळातली तुकेरा लाईन्स ही अशीच वाहतुकीची महाकाय कंपनी. अशा बड्या कंपन्यांत राजघराण्याचेही शेअर्स असतात, मग दाद मागायची कुणाकडे?

आता छोट्या व्यापाऱ्याचं बघू. त्याचं साधं मालवाहू जहाज ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिटचं; क्रेडिट म्हणजे खेळातलं चलन. २० टक्के आधी भरायचे, मग किमतीचा २४०वा भाग दर महिन्याला, सलग ४० वर्षं. म्हणजे महिन्याला १,५४,५०० क्रेडिट. जहाजात माल मावतो ८२ टन, भाडं टनाला १,००० क्रेडिट. महिन्यात दोन खेपा, त्याही पूर्ण भरून, तर हाती १,६४,०००. हप्ता गेला की उरले साडेनऊ हजार! इंधन, पगार, देखभाल, सगळं त्यातच? भागतच नाही. म्हणून तो प्रवासी घेतो, स्वतः माल विकत घेऊन भावावर जुगार खेळतो, कधी नको तो मालही चढवतो. कर्जाचा हिशोब माणसाला कुठं नेतो हे नियम लिहिणाऱ्यानं नेमकं ओळखलंय.

हप्ता बुडवून पळाला तर? त्याचं जहाज आठवड्याला १ पार्सेक जातं, साम्राज्याची टपाल जहाजं एका उडीत ४. मोठ्या वाटेनं गेला तर त्याच्या आधी त्याच्या नावाची खबर बंदरावर पोचलेली. मग उरतात आडवाटेचे ग्रह, जिथं टपाल उशिरा येतं आणि भरायला मालही धड मिळत नाही.