सिंहाचा राग कोण उतरवतो?

नमस्कार श्रोतेहो.

क्षणभर डोळे मिटा आणि नरसिंह मनासमोर आणा. खांब दुभंगलेला, आयाळ पिंजारलेली, जबडा वासलेला, मांडीवर हिरण्यकश्यपू. बहुतेकांना हेच दिसलं असेल.

परवा माझ्या भाचीनं एआयला सांगून सिंहमुखी देवतांची चित्रं काढून घेतली. आधी आपला नरसिंह, मग इजिप्तची सेख्मेत. चित्रं देखणी होती, आयाळीचा केस न् केस मोजून घ्यावा अशी. पण सगळ्यांचे जबडे उघडे! हे तंत्र माणसांनी काढलेल्या असंख्य चित्रांवरून शिकलेलं. जे वारंवार पाहिलं, तेच ते आधी पुढे करतं. सिंह म्हटला की डरकाळी.

जुन्या कारागिरांनी मात्र वेगळं पाहिलं होतं. जर्मनीत उल्मच्या संग्रहालयात मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला एक सिंहमानव आहे, जेमतेम ३१ सेंटिमीटर उंचीचा आणि सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीचा. त्याचं तोंड मिटलेलं आहे. कान टवकारून तो काहीतरी ऐकत उभा आहे, असं मला नेहमी वाटतं.

सेख्मेतचंही तसंच. सेख्मेत म्हणजे सामर्थ्यवती. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात राजा तिसरा आमेनहोतेप यानं तिच्या इतक्या मूर्ती घडवल्या, की त्या सातशेच्या वर असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काळपट दगडातली सिंहमुखी स्त्री, डोक्यावर सूर्यबिंब, हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले. आणि हिची कथा काय, तर सूर्यदेव रा यानं बंडखोर माणसांना शिक्षा करायला हिला धाडलं. पण रक्ताची चटक लागली आणि ती थांबेना. तेव्हा रा स्वतःच घाबरला. त्यानं रातोरात सात हजार घागरी बिअर तयार करवली, तिच्यात लाल माती कालवली आणि शेतांतून ओतली. रक्त समजून देवी ती प्यायली, झिंगली आणि माणसं वाचली. याच देवीचे पुजारी इजिप्तमध्ये वैद्यकीही करत. रोग धाडणारी तीच, बरं करणारीही तीच.

आता भागवतातला प्रसंग आठवा. हिरण्यकश्यपू मेला, तरी नरसिंहाचा कोप शमेना. ब्रह्मदेव, शंकर, सगळे देव लांबूनच स्तुती करत राहिले. साक्षात लक्ष्मी जवळ जायला धजावली नाही. शेवटी ब्रह्मदेवानं पुढे पाठवलं ते एका लहान पोराला. प्रल्हाद गेला, पायाशी लोळण घेतली आणि त्या नखांच्या हातानं त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला. शैव पुराणांत हेच काम शंकर शरभ नावाचा अद्भुत प्राणी होऊन करतो. तो शरभ आपल्या कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला आहे. पुढच्या वेळी गड चढाल तेव्हा मान वर करून जरूर पाहा.

नाईलकाठी काय आणि आपल्याकडे काय, राक्षस किंवा पापी मेल्यावर गोष्ट संपत नाही. पेटलेला राग उतरवायचा कसा, हा अवघड भाग तिथून पुढे सुरू होतो. यंत्राची चित्रं नेमकी त्याच्या अलीकडे थांबतात, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

भाचीला मी हा प्रसंग सांगितला. तिनं पुन्हा लिहिलं, यावेळी सविस्तर: संध्याकाळ, उंबरठा, थकलेला नरसिंह, मुलाच्या मस्तकावर हात. पहिल्या चित्रात पुन्हा जबडा उघडाच. तिनं शब्द बदलले, पुन्हा बदलले. सातव्या की आठव्या खेपेला सिंहाची नजर खाली, मुलाकडे वळली. त्या चित्रापाशी आम्ही दोघं बराच वेळ बसून होतो.

तिला आता हंपीला न्यायचं आहे. तिथं कृष्णदेवरायाच्या काळात, १५२८ साली, एकाच शिळेतून घडवलेला सुमारे २२ फुटी नरसिंह आहे. बटबटीत डोळ्यांमुळे लोक त्याला उग्रनरसिंह म्हणतात. खरं तर तो लक्ष्मीनरसिंह. मांडीवरची लक्ष्मी पुढे मोडतोडीत गेली. पण मागच्या बाजूनं पाहिलं, तर त्याच्या पाठीवर टेकलेला तिचा हात अजून तिथंच आहे.